सावलीची खुर्ची

नीबियानं हिरव्या रुमालवालीचा खांदा मागून धरला, वीतभर आपल्याकडे ओढला आणि लगेच सोडून दिला. बाईनं वळूनही पाहिलं नाही. तिचे डोळे हातातल्या फोनच्या पडद्यावर होते, आणि समोरून तसाच पडद्यात डोळे घालून आलेला मिशीवाला तिच्या कपाळाला जेमतेम चुकवून पुढे निघून गेला. नीबियाचा अंगठा कमरपट्ट्यावरच्या बटणाशी गेला, तिथे टेकला आणि परत आला. डाव्या काखेत त्या बाईचाच थर्मास होता. तो तिनं उगाचच आणखी आवळून धरला.

त्या न दाबलेल्या बटणाच्या मोबदल्यात नीबियाला एक खुर्ची मिळणार होती.

मोन्तेविदेओ शहरातल्या माल्विनच्या किनाऱ्यालगतच्या चौकात फोनवरच्या खेळाच्या कंपनीनं एक काचेची टपरी उभी केली होती. आत एक टेबल, पायांशी छोटा हीटर आणि पाठीला टेकू असलेली निळी खुर्ची. खेळ सुरू झाला की त्या खुर्चीत एक माणूस कायमचा बसणार होता. पंचावन्न वर्षांच्या नीबियानं गेले अकरा हिवाळे याच किनाऱ्यावर कढई मांडून पुऱ्या तळल्या होत्या. पाऊस लागला की मोन्तेविदेओच्या माणसाला मैद्याची गरम पुरी आठवते. त्यामुळे पाऊस आला की लोक घरात जात आणि नीबिया बाहेर येई. दक्षिणेचा गार वारा तिच्या गुडघ्यांत जाऊन बसला होता तो उन्हाळ्यातसुद्धा उठत नव्हता. तिनं मनाशी हिशेब केला होता: एका बाजूला गुडघे, दुसऱ्या बाजूला बटण. बटण हलकं होतं.

खेळ दिसायला भोळा होता. फोन डोळ्यांपुढे धरला की याच चौकात, याच फरशीवर टिटव्या दिसत. त्या ओरडत एकीकडे आणि त्यांचं घरटं असे भलतीकडेच. घरटं शोधायचं आणि वाकून अंडी टिपायची. सगळ्यांना एकच टिटवी, एकच घरटं. म्हणून सगळे एकाच फरशीकडे धावत. दोन माणसं फार जवळ आली की फोन ना ओरडे ना लाल होई. तो गुपचूप एकाचं घरटं जरा डावीकडे सरकवी, दुसऱ्याचं जरा मागे. माणसं आपल्या मर्जीनं वळल्यासारखी वळत आणि एकमेकांना चुकवून जात. आपल्याला कोणी हलवलं हे त्यांना कळतही नसे.

यामांदूला याच गोष्टीचा अभिमान होता. कंपनीचा हा तिशीतला इंजिनीअर पहिल्या दिवशी नीबियाला हे समजावून सांगताना लहान मुलासारखा खुलला होता. नीबियाच्या मात्र अंगावर काटा आला होता. चांगली शहाणीसुरती माणसं कोणीतरी दोरी ओढावी तशी मागे सरकायची, बाजूला व्हायची, आणि चेहऱ्यावर हसू तसंच. बारा दिवस पाहूनही तिला त्याची सवय झाली नव्हती.

नगरपालिकेला इतका भरवसा नव्हता. तिनं अट घातली होती की चाचणीत एका वेळी दोनच खेळाडू, आणि प्रत्येकाच्या एक पाऊल मागे एक माणूस. या माणसाला सगळे ‘सावली’ म्हणत. धडक होणार असं दिसलं की सावलीनं खांदा धरायचा आणि बटण दाबायचं. दाबलेला आकडा कंपनीकडे न जाता थेट नगरपालिकेच्या यादीत पडे. सोमवारी दुपारी बारापर्यंत एकूण तीन आकडे पडले, तर सावल्यांशिवाय खेळायला परवानगी नाही.

दुसरी सावली म्हणजे वॉशिंग्टन पिंतोस. वय एकाहत्तर, बसमधला निवृत्त कंडक्टर. त्यानं पहिल्याच आठवड्यात दोनदा बटण दाबलं होतं. यामांदूनं त्याला बाजूला घेऊन समजावलं की नुसता हात लागला म्हणजे धडक टळली असं होत नाही, माणूस आपसूकही थांबला असता. वॉशिंग्टननं ऐकून घेतलं आणि म्हणाला की चाळीस वर्षं तिकिटं फाडली, माणूस चढला की तिकीट फाडायचं. तो पुढच्या थांब्याला आपसूक उतरला असता का, हे कंडक्टर बघत नाही.

त्याच्या दोन आकड्यांनंतर नीबियाला एकही परवडणारा नव्हता. तरी तिनं आतापर्यंत दहा खांदे ओढले होते. हिरवा रुमाल अकरावा.

शनिवारी संध्याकाळी चाचणी संपली. यामांदूनं दोघांचे हात हातात घेतले, आभार मानले, आणि टपरीची किल्ली नीबियाला दिली. वॉशिंग्टनला म्हणाला की गरज लागली तर कळवू. रविवारी चौक सगळ्यांना मोकळा होणार होता. एका वेळी सहा खेळाडू, सावली एकही नाही. नगरपालिकेनं तेवढा एक दिवस बघायला दिला होता.

वॉशिंग्टननं कमरेचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीवर टिचकी मारली.

“काय महाराणी, सिंहासनाला गादी शिवून ठेवलीस की नाही?”

“तू शिवून दे. आता तुला वेळच वेळ आहे.”

ती हसत म्हणाली खरी, पण म्हणता म्हणताच तिला ते लागलं. त्याला मात्र लागल्यासारखं दिसलं नाही. दारापर्यंत गेला, मग वळला.

“एक सांग गं. उद्या थर्मास कोण धरणार?”

“कसले थर्मास?”

“बारा दिवस तुझ्या काखेत काय होतं, कोंबडी?”

तो गेला. नीबिया काचेतून त्याची पाठ बघत राहिली. त्याच्याही काखेत त्याचा थर्मास होता, हातात येर्बाची, म्हणजे थर्मासातलं गरम पाणी ओतून दिवसभर पितात त्या कडवट पाल्याच्या चहाची वाटी होती.

रात्री तिला पहिल्यांदा ते नीट कळलं, आणि कळल्यावर ती अंथरुणात उठून बसली. बारा दिवस जो जो खेळाडू आला त्यानं आधी काय केलं होतं? काखेतला थर्मास आणि हातातली येर्बाची वाटी मागच्या सावलीच्या हातात दिली होती. न विचारता, न बघता. तिनंही न बघता घेतली होती. शेजाऱ्याचा थर्मास क्षणभर धरणं ही काय कागदावर लिहिण्यासारखी गोष्ट आहे? यामांदूच्या तक्त्यात वाऱ्याचा रकाना होता, उन्हाचा होता, बुटांचासुद्धा होता. थर्मासचा नव्हता. त्यामुळे बारा दिवस सगळे दोन्ही हातांनी, छातीसमोर सरळ फोन धरून खेळले होते, आणि फोन तेवढंच शिकला होता: मी इथे आहे, म्हणजे माझा माणूस माझ्यामागे हातभर अंतरावर, मधोमध.

उद्या माणूस मधोमध नसणार होता. डाव्या काखेत थर्मास, कोपर बाहेर, फोन उजव्या हातात आणि उजवीकडे. डावं अर्धं अंग फोनच्या हिशेबातच नसणार. आणि त्या अर्ध्या अंगाच्या टोकाला उकळीच्या जरा अलीकडचं एक लिटर पाणी.

सकाळी दहाला यामांदू आला तेव्हा ती दारातच उभी होती. तिनं सगळं सांगितलं. अकरा खांद्यांचं मात्र सांगितलं नाही. यामांदू शांतपणे ऐकत होता. खेळ सुरू होताना पडद्यावर सूचना येते, तो म्हणाला, की फोन दोन्ही हातांनी धरा. लोक वाचतात.

“तुम्ही वाचलीत?” नीबियानं विचारलं.

“मीच लिहिलीय, नीबियाबाई.”

त्याच्या उजव्या हातात फोन होता, अंगठा त्यावर सरकत होता. डाव्या काखेत थर्मास होता. नीबिया त्या थर्मासकडे बघत राहिली. यामांदूनं तिच्या नजरेमागे खाली पाहिलं, मग नजर उचलून चौकाकडे पाहिलं, आणि म्हणाला की लोक जमायला लागलेत.

लोक जमले ते भरभरून. रविवार, ऊन, वारा बेताचा. पहिले सहाजण फरशीवर उतरले. पाच जणांच्या काखेत थर्मास. एकीनं जरा इकडेतिकडे पाहिलं, जणू थर्मास घेणारं कोणीतरी तिथे असायला हवं होतं. मग तिनं तो आणखी वर दाबून धरला आणि एका हातानं फोन उचलला.

नीबिया काचेआड उभी होती. खुर्ची मागे होती, पण तिला बसवेना. चौकात सहा फोनांमधून टिटव्या ओरडायला लागल्या. सहाजण एकदम वळले. एक तरुण मागे सरकला, एक आजोबा डावीकडे, एक बाई दोन पावलं उलट्या चालीनं गेली, सगळे हसत, सगळे अलगद. दुरून पाहणाऱ्याला नाच वाटला असता. नीबियाला फक्त थर्मासांची तोंडं दिसत होती, पुढे काढलेली, कोणाच्या छातीच्या उंचीवर, कोणाच्या शेजारून धावणाऱ्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर.

आजोबांचं कोपर बाईच्या थर्मासला घासून गेलं. पाणी सांडलं नाही.

नीबिया दार उघडून बाहेर आली.

ती पहिल्या बाईपाशी गेली आणि हात पुढे केला. बाईनं न बघता थर्मास दिला. तो तिनं आत नेऊन खुर्चीवर ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा माणूस म्हणाला की असू दे, मला सवय आहे. तिनं तिथेच उभं राहून हात पुढेच ठेवला, तेव्हा त्यानंही दिला. सहाजण बदलत, नवे सहा येत, आणि ती आत-बाहेर करत राही. दुपारपर्यंत खुर्चीत थर्मास मावेनात. ते टेबलावर गेले, हीटरशेजारी गेले. ‘माझा निळा’, ‘माझा झाकण तुटलेला’, असं म्हणत लोक घ्यायला येत आणि तिला धन्यवाद देत. कंपनीनं बरी सोय ठेवली आहे, असंही दोघेतिघे म्हणाले.

सगळ्यांचे थर्मास घेणं तिला एकटीला जमेना. जे राहून जात त्यांच्यामागे ती चाले. पाच वेळा तिनं खांदा ओढला. तिच्या कमरेला पट्टा नव्हता, पण अंगठा दर वेळी तिथे जाई.

सहावी वेळ चारच्या सुमारास आली. धावत येणाऱ्या एका तरुणापासून वाचवायला फोननं दोन बायकांना मागे सरकवलं. दोघी पाठमोऱ्या, एकमेकींकडे. उजवीकडून दोघी एकमेकींना चुकवून गेल्या असत्या. फोनच्या हिशेबानं चुकल्याच होत्या. डावीकडे एकीचं कोपर होतं आणि दुसरीच्या काखेत वर तोंड केलेला, झाकण नीट न लागलेला थर्मास, आणि दुसरीच्या पुढ्यात तिचा कोट धरून चालणारी चार वर्षांची पोर. नीबियाकडे हाक मारायलाही वेळ नव्हता. तिनं आपला हात मध्ये घातला.

पाणी मनगटापासून कोपरापर्यंत गेलं. तिनं आवाज केला नाही. पोरीनं वर पाहिलं आणि पुन्हा आईचा कोट धरला. थर्मासवालीनं पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, “सांडलं का काही?”

“नाही,” नीबिया म्हणाली. “खेळा तुम्ही.”

साडेसहाला चौक रिकामा झाला. यामांदू टपरीत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. दोनशे चौदा खेळाडू आणि एकही धडक नाही, तो म्हणाला. उद्या बारा वाजता नगरपालिकेचा माणूस आकडा बघेल, दोनच्या वर काही नाही, म्हणजे परवानगी. पुढच्या शनिवारी पायसान्दूला नदीकाठी, मग साल्तो, मग रिवेरा. महिनाभरात अकरा चौक. सावल्या कुठेच लागणार नाहीत.

पायसान्दूला नीबियाची धाकटी बहीण ग्लादिस राहत होती.

नीबियानं बाही वर केली. हात लाल होता आणि मनगटाजवळ फोड धरू लागला होता.

“हे कुठल्या रकान्यात जातं?”

यामांदूनं पाहिलं. त्याचा चेहरा खरोखरच उतरला. त्यानं आपल्या पिशवीतून मलमाची ट्यूब काढली, झाकण उघडून तिच्यापुढे धरली. मग हळू आवाजात म्हणाला की धडक म्हणजे दोन खेळाडूंची. नीबियाबाई खेळत नव्हत्या.

मलम गार होतं. ते लावता लावता ती म्हणाली, “आणि चाचणीतसुद्धा मी हात लावला होता. बटण न दाबता.”

“अकरा वेळा,” यामांदू म्हणाला.

तिचं बोट हातावरच थांबलं.

“कोणी खांदा ओढला की फोनला हिसका बसतो. तो नोंदला जातो. वॉशिंग्टनचे दोन आणि तुमचे अकरा.” तो तिच्याकडे न बघता ट्यूबचं झाकण फिरवत होता. “मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं.”

“तरी मला खुर्ची दिलीत?”

“म्हणूनच तर दिली.”

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती, तेच तिला जास्त भयंकर वाटलं. त्यानं ते असं सांगितलं, जसं माणूस माणसाला विश्वासात घेऊन सांगतो. उलट तोच घाबरलेला दिसत होता. बारा जणांचं काम माझ्या एका आकड्यावर उभं आहे, असं काहीसं तो पुटपुटला. जाताना त्यानं हीटर लावून दिला, आणि हात दुखला तर उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल म्हणाला.

तो गेल्यावर नीबियाला एकदम दिसलं की आज दिवसभर आपण बारा दिवसांतलं सगळ्यात चोख काम केलं. आपल्याच हातांनी ते शून्य घासूनपुसून त्याच्या हातात ठेवलं. नदीकाठी ते शून्य जाईल. त्याच्यामागे आपण नसू.

तिनं बहिणीला फोन लावला. ग्लादिसनं आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग खुर्चीची. खेळाचं तिच्या कानावर आलं होतं. शनिवारी अख्खी गल्ली नदीवर जाणार होती, तीही नातीला घेऊन जाणार होती.

“जा,” नीबिया म्हणाली. “पण एक ऐक माझं. थर्मास घरी ठेवून जा.”

पलीकडे ग्लादिस खळखळून हसली.

“नदीवर, थर्मासशिवाय? बरं बाई. मग हातही घरीच ठेवते की. बिनकामाचा कशाला न्यायचा?”

नीबियालाही हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिनं फोन ठेवला. टेबलाचा खण ओढला. दोन्ही पट्टे आत होते, वॉशिंग्टनचा नीट गुंडाळलेला, तिचा कसाबसा कोंबलेला. तिच्या पट्ट्यावरचा हिरवा दिवा अजून चालू होता. उद्या बारापर्यंत चालू राहणार होता.

तिनं पट्टा मांडीवर घ्यायला म्हणून बसायची जागा पाहिली. खुर्चीवर कोणाचा तरी विसरलेला थर्मास होता, झाकण तुटलेला. ती उभीच राहिली.

पहिलं बटण तिनं दाबलं ते बुटाच्या नाड्या सुटलेल्या एका जाड्या माणसासाठी. दुसरं जुळ्या बहिणींपैकी एकीसाठी. कोणती, ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं. ओढलेले सगळे खांदे आठवत होते, याचं तिलाच नवल वाटलं. अकरावा हिरवा रुमाल. मग आजचे पाच. मग तिनं बाही खाली ओढली आणि स्वतःसाठी एक दाबलं, खेळाडू नसली तरी.

बाहेर काचेवर टकटक झाली. झाकण तुटलेल्या थर्मासचा मालक आला होता. तिनं थर्मास उजव्या हातानं उचलून दारातून दिला. डावा उचलवत नव्हता. त्यानं तो काखेत मारला आणि काचेतल्या दिव्याखाली रिकामी निळी खुर्ची बघून म्हणाला, “बरंय बाई तुमचं. बसून काम.”

नगरपालिकेच्या यादीतला आकडा एकोणीस झाला होता. दोनांची किंमत वॉशिंग्टननं शनिवारीच चुकती केली होती. सतरांची नीबियाच्या नावावर पडली होती. त्या खुर्चीत ती अजून एकदाही बसलेली नव्हती.